वाचकांचे प्रश्न : आर्म सर्व्हरवरील आभासी यंत्रे आणि चालू स्थितीत जोडायची उपकरणे

इंटेल आणि एएमडीच्या सर्व्हरवरून आर्मच्या सर्व्हरवर आभासी यंत्रे हलवणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. यंत्र बंद न करता त्याला डिस्क, नेटवर्क कार्ड, मेमरी किंवा प्रोसेसर कसा जोडायचा, म्हणजेच ज्याला आपण हॉटप्लग म्हणतो ते आर्मवर कसे साधायचे, हा तो प्रश्न. या वेळचा स्तंभ त्यालाच दिला आहे. सर्व पत्रलेखक लिनक्सवर केव्हीएम (कर्नलमधील आभासीकरणाची सोय), क्यूईएमयू (आभासी यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) आणि लिबव्हर्ट (आभासी यंत्रांचे व्यवस्थापन करणारे साधन) वापरतात, त्यामुळे उत्तरेही त्यांनाच धरून आहेत. आभासी यंत्राला पुढे व्हीएम म्हटले आहे, त्याच्या आत चालणाऱ्या प्रणालीला गेस्ट आणि ते ज्यावर चालते त्या सर्व्हरला होस्ट.

प्रश्न : आमच्या संस्थेने अँपिअर अल्ट्रा प्रोसेसरचा सर्व्हर घेतला आहे. जुन्या सर्व्हरवर चालू व्हीएमला नवी डिस्क जोडण्याची आज्ञा लगेच पार पडत असे. इथे पहिली व्हर्टआयओ (खास आभासी यंत्रांसाठीच्या उपकरणांची पद्धत) डिस्क जोडली गेली, पण दुसरी जोडताना पीसीआय स्लॉट (उपकरण बसवण्याची जागा) शिल्लक नाही असा संदेश आला. क्यूईएमयूला थेट सांगून पाहिले तर ‘पीसीआयई.0’ या बसवर (उपकरणे जोडण्याच्या मार्गावर) हॉटप्लग चालत नाही असे उत्तर मिळाले. व्हीएममध्ये उपकरणे तर जेमतेम पाच-सहा आहेत. मग जागा संपली कशी? — पुणे

उत्तर : जागा संपलेली नाही. चालू यंत्रात वापरता येईल अशी जागा तेवढी संपली आहे, आणि हा फरक एकदा ध्यानात आला की आर्मवरील हॉटप्लगचा अर्धा गुंता सुटतो.

आपल्या जुन्या सर्व्हरवरील व्हीएम बहुधा आय440एफएक्स या नमुन्याच्या असाव्यात. त्या नमुन्यात जुन्या पद्धतीची पीसीआय बस असते, तिच्यावर 32 स्लॉट असतात, आणि त्यांपैकी मोकळ्या असलेल्या कोणत्याही स्लॉटमध्ये यंत्र चालू असताना उपकरण बसवता येते. त्यामुळे स्लॉटचा आगाऊ विचार करण्याची वेळ कधी येतच नाही. आर्मसाठी क्यूईएमयूमध्ये ‘व्हर्ट’ नावाचा जो नमुना वापरतात तो कोणत्याही खऱ्या मदरबोर्डची नक्कल नाही. तो केवळ आभासी यंत्रांसाठी आखलेला आहे आणि त्याची रचना पीसीआय एक्सप्रेसवर उभी आहे. पीसीआय एक्सप्रेसमध्ये मूळ बसवर, म्हणजे ‘पीसीआयई.0’ वर, थेट बसवलेले उपकरण यंत्राचा अंगभूत भाग मानले जाते, म्हणून ते चालू स्थितीत जोडताही येत नाही आणि काढताही येत नाही. जोडण्या-काढण्याची सोय असते ती रूट पोर्टवर, आणि एका रूट पोर्टमध्ये एकच स्लॉट असतो. एक्स86 (इंटेल-एएमडी) वरच्या क्यू35 नमुन्यालाही हाच नियम लागू आहे, तेव्हा हा आर्मचा दोष समजू नये. फरक इतकाच, की आर्मवर आय440एफएक्ससारखी जुनी पळवाट उपलब्ध नाही.

आपण व्हीएमची व्याख्या, म्हणजे तिच्या रचनेचे वर्णन, नोंदवता तेव्हा लिबव्हर्ट तिच्यातील उपकरणे मोजून तेवढे रूट पोर्ट स्वतः घालते आणि साधारणपणे एखादा पोर्ट मोकळा ठेवते. आपली पहिली डिस्क त्या मोकळ्या पोर्टवर गेली, आणि दुसरीसाठी पोर्ट उरला नाही. आता उपाय असा, की व्हीएम बंद करून तिच्या व्याख्येत पीसीआय प्रकारचे, पीसीआयई-रूट-पोर्ट नमुन्याचे हवे तितके कंट्रोलर वाढवावेत. त्यांचे पत्ते लिहिण्याची गरज नाही, ते लिबव्हर्ट ठरवते. रूट पोर्ट स्वतः चालू यंत्रात घालता येत नाही, त्यामुळे हा एकदाचा खंड टळत नाही. शिवाय व्हीएमच्या आतून रीबूट केल्याने काम होणार नाही, कारण त्यात क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले तरच नवी रचना अमलात येते. घर बांधतानाच भिंतीत प्लग-पॉइंट काढून ठेवावे लागतात, तसाच हा प्रकार आहे.

किती पोर्ट ठेवावेत, हे पुढे ओघाने येतेच. मूळ बसवर 32 जागा आहेत, त्यांपैकी पहिली होस्ट-ब्रिजची. उरलेल्या प्रत्येक जागेवर आठ फंक्शन (उपकरणाचे स्वतंत्र उपभाग) बसतात आणि लिबव्हर्ट रूट पोर्ट याच पद्धतीने आठ-आठच्या गटांत रचते. कागदावर हा हिशेब 248 पोर्टपर्यंत जातो, आणि व्हर्ट नमुन्यात वरच्या पत्त्यांची जागा खुली असेल, जी ती सहसा असतेच, तर 256 बसचीही सोय असते. ती जागा बंद केलेली असेल तर मात्र केवळ 16 बस मिळतात. 32-बिट गेस्टसाठी कोणी हा पर्याय बदलून ठेवला असेल तर तो आधी तपासावा. प्रत्यक्षात 248 च्या जवळपास जाण्याचे कारण कोणालाच नसते. प्रत्येक पोर्ट म्हणजे फर्मवेअरला आणि कर्नलला सुरुवातीला तपासावी लागणारी आणखी एक बस असते, आणि तिच्यासाठी पत्त्यांची जागाही बाजूला ठेवावी लागते. माझ्या मते सर्वसाधारण सर्व्हर-व्हीएमला आठ ते बारा मोकळे पोर्ट पुरेसे आहेत. सोळाच्या आसपास गेल्यावर काही पोर्टना आयओ जागा (जुन्या पद्धतीच्या इनपुट-आउटपुट पत्त्यांची) मिळाली नाही अशा ओळी गेस्टच्या नोंदींत दिसू लागतात, कारण ही जागा एकूण 64 किलोबाइटची असते आणि प्रत्येक पोर्टला तिच्यातील किमान 4 किलोबाइट लागतात. आधुनिक पद्धतीच्या व्हर्टआयओ उपकरणांना आयओ जागा लागतच नाही, म्हणून त्या ओळींनी घाबरून जाऊ नये.

आपल्याला प्रामुख्याने डिस्कच जोडायच्या असतील तर मात्र मी पोर्ट वाढवण्याआधी दुसरा मार्ग सुचवीन. व्हर्टआयओ-ब्लॉक पद्धतीत प्रत्येक डिस्क हे स्वतंत्र पीसीआय उपकरण असते आणि प्रत्येकीला एक पोर्ट लागतो. व्हर्टआयओ-स्कझी पद्धतीत कंट्रोलर तेवढा एका पोर्टवर बसतो, त्याच्या मागे शेकडो डिस्क येऊ शकतात, आणि त्यांची ये-जा पीसीआयच्या वाटेने होतच नाही. ज्या व्हीएमला महिन्याकाठी डिस्क जोडल्या-काढल्या जातात, उदाहरणार्थ बॅकअप घेणारी किंवा चाचणीसाठीची, तिच्यासाठी ही पद्धत निःसंशय सोयीची आहे. डेटाबेसची एखादी फार राबणारी डिस्क असेल आणि तिला स्वतंत्र आयओ-थ्रेड द्यायचा असेल, तर ती व्हर्टआयओ-ब्लॉकवर ठेवावी. दोन्ही पद्धती एकाच व्हीएममध्ये सुखाने नांदतात. साटा डिस्कच्या वाटेला जाऊ नये, कारण ती चालू स्थितीत जोडता येत नाही. सीडीची प्रतिमा लागत असेल तर तीही स्कझीवरच ठेवावी, म्हणजे आतली प्रतिमा केव्हाही बदलता येते.

प्रश्न : नेटवर्क कार्ड काढण्याची आज्ञा दिल्यावर विनंती यशस्वीरीत्या पाठवली असे उत्तर येते, पण व्हीएममध्ये कार्ड तसेच दिसते. लगेच पुन्हा आज्ञा दिली तर गेस्ट व्यग्र असल्याचे आणि पॉवर इंडिकेटर लुकलुकत असल्याचे कळते. आभासी यंत्रात इंडिकेटर कुठून आला? — नाशिक

उत्तर : तो खरोखरच आहे, आणि त्याचे वागणे समजून घेतले तर आपली अडचण उरणार नाही. रूट पोर्टवरील हॉटप्लग हे पीसीआय एक्सप्रेसच्या मूळ मानकाप्रमाणे चालते, आणि त्या मानकात खऱ्या सर्व्हरच्या स्लॉटशेजारी असणारे बटण आणि दिवा गृहीत धरलेले आहेत. आपण काढण्याची आज्ञा देता तेव्हा क्यूईएमयू गेस्टला ‘बटण दाबले गेले’ असे कळवते. गेस्टच्या कर्नलमधील पीसीआयईएचपी हा ड्रायव्हर दिवा लुकलुकता करतो आणि पाच सेकंद थांबतो, कारण मानकानुसार तेवढ्या वेळात बटण पुन्हा दाबले तर आधीची विनंती रद्द समजायची असते. पाच सेकंद उलटल्यावर तो उपकरणाच्या ड्रायव्हरला मोकळे करतो, स्लॉटची वीज तोडतो, आणि त्यानंतरच क्यूईएमयू ते उपकरण खऱ्या अर्थाने काढून टाकते.

म्हणून लिबव्हर्टचे ‘विनंती पाठवली’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत. उपकरण गेले असे ते म्हणत नाही. आपण आज्ञा एखाद्या स्क्रिप्टमधून देत असाल तर उपकरण निघाल्याची जी घटना लिबव्हर्ट जाहीर करते तिची वाट पाहावी, किंवा चालू यंत्राची व्याख्या थोड्या थोड्या वेळाने वाचून उपकरण त्यातून नाहीसे झाले की नाही हे पाहावे; मगच होस्टवरील डिस्कची फाइल किंवा नेटवर्कची जोडणी हटवावी. घाईने ती आधी हटवली तर गेस्ट अजून तिच्यावर लिहीत असण्याची शक्यता राहते, आणि त्यात माहितीचे नुकसान होते. हे मी कळकळीने सांगतो, कारण हटवलेली फाइल परत आणण्याचा मार्ग बहुतेकदा नसतो.

दहा-पंधरा सेकंदांनंतरही उपकरण जात नसेल तर दोन शक्यता तपासाव्यात. पहिली, गेस्ट अजून सुरू होत असताना आज्ञा दिली गेली असेल आणि तेव्हा ड्रायव्हर जागा झालेला नसेल, तर ती विनंती वाया जाते. यंत्र पूर्ण सुरू झाल्यावर ती पुन्हा द्यावी. दुसरी, गेस्टच्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हरच नसेल. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात विचारलेच आहे.

प्रश्न : आम्ही स्वतः बांधलेल्या लहान कर्नलची एक आर्म प्रतिमा (यंत्र सुरू करण्याची तयार डिस्क-फाइल) अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये त्यांच्या आर्म प्रोसेसरच्या ग्रॅव्हिटॉन यंत्रांवर चालवतो. तिथे चालू यंत्राला डिस्क जोडली की लगेच दिसते. तीच प्रतिमा कार्यालयातील केव्हीएम सर्व्हरवर घेतली तर जोडलेली डिस्क गेस्टला रीबूट करेपर्यंत दिसत नाही. — मुंबई

उत्तर : दोन्ही ठिकाणी हॉटप्लगची वाट वेगळी आहे. ग्रॅव्हिटॉनवर चालणाऱ्या प्रतिमांसाठी अ‍ॅमेझॉनने ज्या अटी जाहीर केल्या आहेत त्यांत यूईएफआय या फर्मवेअरने सुरू होणे, एसीपीआयच्या (फर्मवेअरने कर्नलला यंत्राची माहिती देण्याच्या मानकाच्या) तक्त्यांचा आधार घेणे आणि पीसीआय उपकरणांचा एसीपीआय-मार्गे हॉटप्लग येणे यांचा समावेश आहे. कर्नल लहान करताना आपण एसीपीआयचा हा भाग ठेवला, म्हणून तिथे काम झाले. क्यूईएमयूच्या व्हर्ट नमुन्यात रूट पोर्टचा हॉटप्लग मात्र नेहमीच्या मांडणीत पीसीआय एक्सप्रेसच्या स्वतःच्या मार्गाने, म्हणजे वर सांगितलेल्या पीसीआयईएचपी ड्रायव्हरमार्फत होतो, आणि तो पर्याय आपल्या कर्नलमध्ये बहुधा वगळला गेला आहे. रीबूटनंतर डिस्क दिसते याचे कारण तेव्हा सगळ्या बस नव्याने तपासल्या जातात.

प्रतिमा दोन्हीकडे चालवायची असेल तर कर्नलमध्ये पीसीआय हॉटप्लगचे दोन्ही पर्याय चालू ठेवावेत. त्यांनी कर्नलचा आकार फारसा वाढत नाही. तयार वितरणांच्या सर्व्हर-कर्नलमध्ये दोन्ही सहसा असतातच, त्यामुळे हा प्रश्न स्वतः कर्नल बांधणाऱ्यांनाच पडतो.

प्रश्न : आर्म व्हीएमला 2 गिगाबाइट मेमरी देऊन सुरू करतो आणि गरजेप्रमाणे वाढवायचा विचार आहे. 256 मेगाबाइटचे एक आभासी डिम (मेमरीची पट्टी) जोडले. लिबव्हर्टने स्वीकारले, पण गेस्टमधील एकूण मेमरी तेवढीच राहिली. दुसऱ्या व्हीएमवर मात्र हेच चालले. दोन्हींच्या व्याख्या सारख्या आहेत. — कोल्हापूर

उत्तर : आपल्या व्याख्या सारख्या असल्या तरी गेस्टचे कर्नल सारखे नसावेत. आर्मवर कर्नल 4 किलोबाइटच्या पानांचा (पान म्हणजे मेमरी हाताळण्याचे कर्नलचे एकक) असू शकतो, 64 किलोबाइटच्या पानांचाही असू शकतो, आणि मेमरी हॉटप्लगमध्ये हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपर्यंत आर्मचा कर्नल 64 किलोबाइट पानांचा होता, नवव्या आवृत्तीत तो 4 किलोबाइटवर आला आणि 64 चा वेगळा कर्नल पर्याय म्हणून राहिला. तेव्हा एकाच घरात दोन्ही प्रकार असणे अगदी शक्य आहे.

लिनक्स नवी मेमरी ठरावीक आकाराच्या ठोकळ्यांतच स्वीकारते. अलीकडच्या कर्नलमध्ये, म्हणजे 5.12 पासून, हा ठोकळा 4 किलोबाइट पानांच्या गेस्टमध्ये 128 मेगाबाइटचा आणि 64 किलोबाइट पानांच्या गेस्टमध्ये 512 मेगाबाइटचा असतो. त्याआधी तो 1 गिगाबाइटचा होता. आपले 256 मेगाबाइटचे डिम पहिल्या प्रकारात बसते, दुसऱ्यात बसत नाही. ज्या व्हीएममध्ये मेमरी वाढली नाही तिच्या कर्नल-नोंदींत हॉटप्लगची श्रेणी ठोकळ्याच्या आकाराशी जुळत नसल्याची ओळ मिळेल. ठोकळ्याचा आकार सिस-फाइलव्यवस्थेतील (/sys) मेमरीच्या विभागात वाचता येतो, पण तिथला आकडा षोडशमान पद्धतीचा असतो हे विसरू नये : 8000000 म्हणजे 128 मेगाबाइट आणि 20000000 म्हणजे 512 मेगाबाइट. कोणता गेस्ट कोणत्या कर्नलवर आहे याचा भरवसा नसेल तर डिम नेहमी 1 गिगाबाइटच्या पटीत द्यावे.

आकार बरोबर असूनही मेमरी वाढत नसेल तर ती आली आहे पण वापरात घेतलेली नाही, असे समजावे. नवे ठोकळे आपोआप वापरात घ्यायचे की नाही हे कर्नलच्या रचनेवर, यूडेव्हच्या (उपकरणे हाताळणाऱ्या सेवेच्या) नियमावर किंवा सुरू होतानाच्या पर्यायावर ठरते. पुढे मेमरी काढूनही घ्यायची असेल तर ती हलवता येण्याजोग्या विभागात वापरात यावी अशी सोय करावी. नाहीतर कर्नलची स्वतःची माहिती तिथे जाऊन बसते आणि मग तो ठोकळा रिकामा होत नाही.

इथे आपल्या मूळ बेताबद्दल एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. मेमरीच्या प्रत्येक पानामागे कर्नल 64 बाइटची नोंद ठेवतो, आणि ती नोंद सहसा आधीपासून असलेल्या मेमरीतच बसते. 4 किलोबाइट पानांच्या गेस्टला 64 गिगाबाइट जोडले तर केवळ या नोंदींना 1 गिगाबाइट लागतो, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या 2 गिगाबाइटपैकी निम्मी मेमरी तिथेच खर्ची पडते. दोनाचे चार किंवा आठ करायचे असतील तर हरकत नाही. पण फार लहान यंत्र सुरू करून त्याला फार मोठे करण्याचा बेत टिकत नाही. सुरुवातीची मेमरी अपेक्षित कमालीच्या किमान एक-अष्टमांश ठेवावी असे मी सुचवीन. शिवाय आर्मच्या लिनक्समध्ये सुरुवातीला मिळालेली मेमरी चालू यंत्रातून काढून घेता येत नाही, काढता येते ती नंतर जोडलेली.

या सर्वाची पूर्वतयारीही व्याख्येतच करावी लागते. कमाल मेमरी आणि डिमच्या जागा किती हे आधी लिहावे लागते, किमान एक न्यूमा गट (मेमरी आणि सीपीयूंचा संच) असावा लागतो, आणि गेस्ट यूईएफआय व एसीपीआय यांच्या आधारे सुरू व्हावा लागतो, कारण डिम आल्याची वर्दी एसीपीआयमधूनच जाते. एसीपीआय बंद करून डिव्हाइस ट्रीवर (यंत्राची माहिती देण्याच्या दुसऱ्या पद्धतीवर) सुरू केलेल्या गेस्टला पीसीआय एक्सप्रेसचा हॉटप्लग मिळू शकतो, डिमचा नाही. क्यूईएमयूमध्ये आर्मसाठी ही सोय 4.2 आवृत्तीत आली आणि डिम काढण्याची 5.1 मध्ये.

क्यूईएमयू 7.0 किंवा त्यापुढची आवृत्ती आणि तिला साजेसा नवा गेस्ट कर्नल असेल तर डिमऐवजी व्हर्टआयओ-मेम वापरावे हे बरे. एकच उपकरण एका रूट पोर्टवर बसवायचे आणि त्याला ‘आता इतके द्या’ असे सांगून मेमरी वाढवायची किंवा कमी करायची, इतके ते सरळ आहे, आणि डिमच्या जागा मोजत बसण्याचे कारण राहत नाही. 64 किलोबाइट पानांच्या बाबतीत ठोकळे इथेही मोठेच असतात, तेवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : व्याख्येत कमाल आठ आणि सध्या चार व्हर्च्युअल सीपीयू असे लिहिले आहे. चालू यंत्रात चाराचे सहा करता येत नाहीत. एक्स86 वर हे वर्षानुवर्षे करत आलो आहोत. — पणजी

उत्तर : आपल्या लिहिण्यात काही चूक नाही. आर्मवर प्रोसेसरचा हॉटप्लग हीच अवघड बाब आहे, आणि तिची मुळे खोलवर आहेत. चालू यंत्रात नवा प्रोसेसर येऊन बसेल ही कल्पनाच आर्मच्या रचनेत मुळात नव्हती. तिथे इंटरप्ट सांभाळणाऱ्या जीआयसीची तिसरी आवृत्ती प्रत्येक सीपीयूसाठी स्वतंत्र रीडिस्ट्रिब्यूटर (इंटरप्ट त्या सीपीयूपर्यंत पोचवणारा भाग) ठेवते, आणि केव्हीएममध्ये हा आभासी जीआयसी एकदा सुरू झाला की नंतर सीपीयूंची संख्या वाढवता येत नाही. एसीपीआयचे तक्तेही सर्व सीपीयू सुरुवातीपासून आहेत असेच धरून वाचले जातात.

यावर निघालेला तोडगा असा, की जास्तीचे सीपीयू तक्त्यात पहिल्यापासून ‘आहेत, पण अजून वापरात आणण्याची परवानगी नाही’ अशा स्थितीत दाखवायचे, आणि होस्टने परवानगी दिली की गेस्टने ते सुरू करायचे. गेस्टच्या बाजूचा हा भाग लिनक्सच्या 6.11 आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर 2024 मध्ये आला. गेस्टने साथ दिली तरी होस्टवरील क्यूईएमयूनेही ती द्यावी लागते. आपली आवृत्ती ती देते का हे पाहण्यासाठी हॉटप्लग करता येणाऱ्या सीपीयूंची यादी मागणारी क्यूएमपी (क्यूईएमयूला सूचना देण्याची पद्धत) आज्ञा चालवावी. यंत्राचा नमुना सीपीयू हॉटप्लग करू देत नाही असे उत्तर आले तर कमाल आणि सध्याची संख्या वेगवेगळी लिहून काही साधणार नाही.

अशा वेळी आठच्या आठ सीपीयू देऊन यंत्र सुरू करावे आणि त्यांचा वापर आवरावा. गेस्ट एजंट बसवलेला असेल तर सीपीयूंची संख्या बदलण्याची आज्ञा ‘गेस्ट’ पर्यायासह द्यावी. एजंट गेस्टच्या आत जास्तीचे सीपीयू निष्क्रिय करतो आणि सांगितल्यावर पुन्हा सक्रिय करतो. यात एक उणीव आहे. हा निर्णय गेस्टच्या हातात राहतो, गेस्टचा प्रशासक ते सीपीयू कधीही परत सुरू करू शकतो. आपल्याच संस्थेच्या व्हीएमसाठी हे चालेल, पण ग्राहकाकडून सीपीयूप्रमाणे पैसे घेत असाल तर चालणार नाही. तिथे होस्टच्या बाजूने कोटा लावावा : 100000 मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूला 50000 दिले की त्याला अर्धा सीपीयू मिळतो, आणि हा आकडा चालू यंत्रात बदलता येतो. कोटा फार आवळला तर मात्र लॉक धरून बसलेला एखादा सीपीयू मध्येच थांबवला जातो आणि बाकीचे त्याच्यासाठी खोळंबतात, त्यामुळे निम्म्याच्या खाली जाताना आधी आपल्या कामाच्या भारावर पडताळून पाहावे.

प्रश्न : 2016 साली तयार केलेल्या काही आर्म व्हीएमच्या व्याख्या अजून वापरात आहेत. त्यांत रूट पोर्ट वाढवले, तरी जुन्या डिस्क आणि कार्डे चालू स्थितीत काढता येत नाहीत. — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्या व्याख्यांत उपकरणांचे पत्ते व्हर्टआयओ-एमएमआयओ प्रकारचे, म्हणजे पीसीआयविना थेट मेमरीच्या पत्त्यांवर बसवलेले, असावेत. त्या काळी आर्मवर तीच रीत होती, लिबव्हर्टने 3.0.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2017 च्या आरंभापासून, नव्या यंत्रांसाठी पीसीआयला पसंती दिली. एमएमआयओच्या जागा यंत्रात ठोकून बसवलेल्या असतात, त्यांत हॉटप्लग होऊच शकत नाही. यंत्र बंद करून उपकरणांवरील ते पत्ते व्याख्येतून काढून टाकावेत आणि पीसीआयचे पत्ते द्यावेत. त्याआधी गेस्टच्या आरंभिक रॅम-डिस्कमध्ये व्हर्टआयओ-पीसीआयचा ड्रायव्हर आहे ना, आणि डिस्क नावाऐवजी यूयूआयडीने ओळखल्या जातात ना, हे पाहून घ्यावे. नेटवर्क कार्डाचे नावही बदलण्याची शक्यता असते, तेव्हा कन्सोल हाताशी ठेवूनच हा बदल करावा.

प्रश्न : एसआर-आयओव्ही, म्हणजे अनेक व्हीएममध्ये वाटता येणाऱ्या नेटवर्क कार्डाचे एक व्हर्च्युअल फंक्शन आणि एक ग्राफिक्स कार्ड चालू आर्म व्हीएमला द्यायचे आहे. फंक्शन जोडले गेले. ग्राफिक्स कार्ड जोडल्यावर गेस्टला दिसते, पण ड्रायव्हर सुरू होत नाही. — बंगळूर

उत्तर : फंक्शन चालले, याचा अर्थ होस्टवरील एसएमएमयू (उपकरणांचे मेमरी-पत्ते बदलून देणारा भाग) आणि व्हीएफआयओ (खरे उपकरण व्हीएमला देण्याची सोय) यांची मांडणी मुळात ठीक आहे. ग्राफिक्स कार्डाची अडचण बहुधा पत्त्यांच्या जागेची आहे. नेटवर्क फंक्शनला थोडीशी जागा पुरते. ग्राफिक्स कार्ड कित्येक गिगाबाइटची खिडकी मागते. व्हर्ट नमुन्यात वरच्या बाजूला 512 गिगाबाइटची मोठी जागा असते, पण तिच्यातील किती भाग कोणत्या रूट पोर्टला द्यायचा हे गेस्ट सुरू होताना ठरते, आणि रिकाम्या पोर्टला अगदी थोडी जागा मिळते. नंतर मोठे कार्ड आले की ते त्या पोर्टमध्ये मावत नाही. गेस्टच्या कर्नल-नोंदींत त्या कार्डाच्या बारला (कार्ड मागत असलेल्या पत्त्यांच्या खिडकीला) जागा मिळाली नसल्याची ओळ असेल. खात्री करण्यासाठी यंत्र बंद करून तेच कार्ड आधीच जोडून सुरू करून पाहावे. तसे चालले तर कारण हेच आहे.

क्यूईएमयूच्या रूट पोर्टला 64-बिटच्या प्रीफेच जागेचा राखीव आकार सांगण्याची सोय आहे. मोठ्या कार्डासाठी एक पोर्ट वेगळा ठरवून त्यालाच हा आकार कार्डाच्या सर्वांत मोठ्या बारपेक्षा जास्त, दोनाच्या घातांकात द्यावा, आणि कार्ड जोडताना तोच पोर्ट पत्त्यात नमूद करावा. सगळ्याच पोर्टना असे मोठे राखीव क्षेत्र देऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेस आली असेल. व्हीएफआयओ उपकरण पहिल्यांदा जोडताना आज्ञेला वेळ लागतो, कारण त्या क्षणी गेस्टची सगळी मेमरी होस्टवर खिळवली जाते. व्हीएमला शंभर गिगाबाइट दिलेले असतील तर ते सर्व होस्टच्या खऱ्या मेमरीत उपलब्ध असावे लागतात, आणि तोवर बलूनने (गेस्टकडून मेमरी परत घेणाऱ्या उपकरणाने) वाचवलेली जागा होस्टला परत मिळत नाही. होस्टवर मेमरीचे वाटप हात राखून न करता केलेले असेल तर हे उपकरण जोडण्याआधी होस्टची मोकळी मेमरी मोजावी, आणि जोडणी कामाच्या गर्दीच्या वेळी करू नये.